पीसीसीसाठी हलकी बफर ट्यूब: कोणती घ्यावी?

सह्यकडा

नमस्कार मंडळी.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि इथल्या क्लबात यूएसपीएसएच्या (धावत-फिरत करायच्या नेमबाजीची अमेरिकन संघटना) मॅच खेळतो. यूएसपीएसएने २०१६ साली पिस्तूल कॅलिबर कार्बाइनला (पीसीसी, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस वापरणारी छोटी रायफल) स्वतंत्र डिव्हिजन दिली. आता आपली मराठी मंडळीही मॅचला दिसू लागली आहेत, म्हणून हा धागा मराठीत काढतोय. इंग्रजीत या विषयावर ढीगभर मजकूर आहे, पण त्यातला बराचसा माल विकणाऱ्यांनीच लिहिलेला असतो.

माझी बंदूक अशी आहे: ९ एमएम एआर (एआर-१५ धाटणीची रायफल), ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिन घेणारा लोअर (बंदुकीचा खालचा सांगाडा), १६ इंची बॅरल, वर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची काच). मागे साधी सहा खाचांची कार्बाइन बफर ट्यूब आणि सरकता स्टॉक (खांद्याला टेकवायचा दांडा). रिकाम्या मॅगझिनसकट साडेतीन किलोच्या जरा आत भरते. लांब स्टेजच्या (मॅचमधल्या एका टप्प्याच्या) शेवटी डावा खांदा भरून येतो, आणि एका टार्गेटवरून दुसऱ्यावर झटकन जाताना डॉट टार्गेटच्या पुढे निघून जातो.

वजन उतरवायचं तर मागून सुरुवात करावी असं मनात आहे. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक कार्बन फायबरची ट्यूब, दुसरी बाहेरून खरवडून पातळ केलेली ॲल्युमिनियमची, आणि तिसरी खालची पट्टी नसलेली गोल ट्यूब, तिच्यावर हलका फिक्स स्टॉक. माझी सध्याची ट्यूब स्वयंपाकघरातल्या काट्यावर ११३ ग्रॅम भरली. हलक्या ट्यूबमध्ये एक-सव्वा औंस, म्हणजे ३०-३५ ग्रॅम वाचतील असं दिसतंय. किंमत मात्र साध्या ट्यूबच्या कितीतरी पट.

कोणी वापरली आहे का? तीन लांब्यांपैकी कोणती घ्यावी, कार्बाइन, ए५ की रायफल? हलक्या ट्यूबमुळे धक्का वाढतो का?

धागा फक्त खेळापुरता आहे. बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर वेगळे धागे आहेत, ती चर्चा कृपया तिकडेच करावी.

कवडसा

पुण्यातून वाचतोय. विषय पूर्ण नवा आहे, पण यंत्रांची आवड आहे. ही बफर ट्यूब नेमकं काम काय करते? बंदुकीच्या मागच्या दांड्यातल्या नळीच्या वजनाने इतका काय फरक पडत असेल?

तांबडीमाती

कवडसा, आधी तुमचं उत्तर देतो. ते कळलं की सह्यकडांचं उत्तर आपोआप उलगडेल. (ओहायोत आहे, पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, या खेळातही मुरलेला.)

एआरच्या मागच्या नळीत एक लांब स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या पोटात बफर नावाचं वजन. गोळी सुटली की बोल्ट मागे येतो, बफरला ढकलत नळीत शिरतो, स्प्रिंग दाबली जाते, आणि तीच स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलून नवी गोळी चेंबरमध्ये नेऊन बसवते. स्टॉक या नळीवर चढवलेला असतो, पण तो नसला तरी बंदूक चालते. नळी नसली तर चालत नाही.

आता ९ एमएमची गंमत बघा. ५.५६ मिमी काडतुसाच्या रायफलमध्ये बोल्ट फिरून बॅरलच्या दात्यांत अडकतो आणि दाब उतरल्यावरच सुटतो. बहुतेक ९ एमएम एआरमध्ये असं कुलूपच नसतं. याला सरळ ब्लोबॅक म्हणतात. चेंबरमध्ये दाब ३५,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो आणि त्या क्षणी केस (काडतुसाचं कवच) मागे यायला बघते. तिला थोपवून धरतं ते फक्त बोल्ट आणि बफरचं जडपण. स्प्रिंगचा वाटा त्या क्षणी नगण्य असतो, तिचं काम पुढचं. भरलेल्या हातगाडीला आणि रिकाम्या हातगाडीला सारखाच धक्का दिला तर भरलेली हळू हलते, तेवढंच तत्त्व.

हिशोब करून दाखवतो. १२४ ग्रेनची गोळी म्हणजे ८ ग्रॅम. १६ इंची बॅरलमधून ती साधारण ३५० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते असं धरू. संवेग २.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. बोल्ट ४२५ ग्रॅम आणि बफर १५५ ग्रॅम असेल तर हलणारं एकूण वजन ५८० ग्रॅम. म्हणजे बोल्ट मागे निघतो ४.८ मीटर प्रति सेकंदाने, वायूचा वाटा धरला तर पाचच्या थोडा वर. आता कोणी हौसेने बफर काढून एकूण वजन ४५० ग्रॅमवर आणलं तर तोच वेग ६.२ होतो आणि बोल्टची ऊर्जा पावणेसात ज्यूलवरून पावणेनऊवर जाते. नळीच्या तळावर आदळणारा ठोका तेवढ्या पटीने मोठा. त्याहून वाईट म्हणजे दाब पुरेसा उतरायच्या आत केसची भिंत चेंबरबाहेर डोकावते, फुगते, आणि नशीब खराब असेल तर फुटते.

म्हणून पहिलं सांगणं हे, की नळी हलकी करा हवी तर, पण नळीच्या आतलं हलकं करू नका. दुकानांच्या पानांवर 'लाइटवेट बफर किट' म्हणून जे सरसकट विकलं जातं, त्यात नळी आणि बफर एकत्र येतात. ५.५६ चा साधा कार्बाइन बफर ३ औंसाचा असतो. त्याहून जड एच २ साडेचारच्या वर, एच ३ साडेपाचच्या आसपास. ९ एमएमसाठी बनवलेले साडेपाचपासून आठ औंसांपर्यंत आणि पुढेही जातात. किटमधला ३ औंसाचा बफर ब्लोबॅक ९ एमएममध्ये घालणं म्हणजे वर लिहिलंय ते सगळं स्वतःच्या गालाजवळ घडवून आणणं.

दुसरं सांगणं लांबीबद्दल, ते रात्री सविस्तर लिहितो.

ध्रुवतारा

सह्यकडा, मी कार्बन फायबरची वापरतो. न्यू जर्सीच्या थंडीत ॲल्युमिनियमच्या नळीला गाल लावून बघा म्हणजे कळेल. हलकी आहे, कडक आहे, आतून गुळगुळीत आहे. ३०-३५ ग्रॅम कमी वाटतात, पण थेंबे थेंबे तळे साचे. नळीत ३०, स्टॉकमध्ये ८०, हँडगार्डमध्ये १००, ग्रिपमध्ये २०. प्रत्येक वेळी 'एवढ्याने काय होतंय' म्हणत बसलात तर बंदूक आहे तशीच राहील.

तांबडीमातींच्या बफरबद्दलच्या मुद्द्याला मात्र अनुमोदन. बफर माझाही जडच आहे.

रानजाई

ॲरिझोनातून. मी मुख्यतः स्टील चॅलेंज खेळते. तिथे पीसीसी कमरेखालच्या तयारीतून उचलून पाच प्लेटांवर फिरवायची असते, त्यामुळे बंदूक फिरवणं म्हणजे काय ते हातांना चांगलं माहीत आहे. माझं मत ध्रुवतारांच्या थोडं विरुद्ध पडेल.

सह्यकडादादा, तुमच्या दोन तक्रारींपैकी एकीचंही मूळ मागच्या नळीत नाही. डावा खांदा भरतो कारण डावा हात पुढचं वजन तोलतो. डॉट टार्गेटच्या पुढे निघून जातो कारण नळकांड्याचं टोक जड आहे आणि एकदा फिरायला लागलं की थांबत नाही. बंदूक फिरते ती खांद्याभोवती. नळीचा मध्य खांद्यापासून १२ सेंटिमीटरवर, बॅरलचा पुढचा अर्धा भाग ६५ सेंटिमीटरच्या आसपास. अंतर साडेपाच पट, आणि फिरण्याच्या बाबतीत अंतराचा वर्ग मोजायचा असतो, म्हणजे ३० पट. पुढून ३० ग्रॅम काढले की जो फरक पडतो तो मागून काढून मिळवायचा तर जवळजवळ किलोभर काढावं लागेल!

आणि मागून वजन काढलं की तोल पुढे सरकतो. बंदूक मॅगवेलच्या (मॅगझिन बसते त्या खोबणीच्या) पुढच्या कडेखाली बोटावर तोलून बघा. माझी बरोबर तिथे तोलते आणि मला तशीच आवडते. साडेतीन किलोच्या बंदुकीच्या मागच्या टोकाकडून ३५ ग्रॅम गेले तर तोल ३ मिलिमीटर पुढे जातो. फार नाही, पण जातो नको त्या दिशेला. पुढचं काही न बदलता मागचं हलकं केलंत तर बंदूक काट्यावर हलकी भरेल आणि हातात जड लागेल.

मी काय केलं ते सांगते. माझी नळी अगदी साधी आहे. पैसे बॅरलमध्ये घातले. ९ एमएमची पावडर पहिल्या काही इंचांतच जवळजवळ जळून जाते, पुढची लांबी फारसा वेग देत नाही. त्यामुळे हल्ली पीसीसीसाठी छोटी पोलादी बॅरल आणि पुढे ॲल्युमिनियमची नळी कायमची जोडून १६ इंच भरवलेली मिळते. टोकाचं पोलाद गेलं की बंदूक बोटाच्या इशाऱ्यावर फिरायला लागते. पहिल्या सरावाला प्लेटांच्या अलीकडेच थांबत होते, इतकी सवय जड टोकाची झाली होती.

उंची कमी असलेल्यांसाठी एक सुचवते. सरकत्या स्टॉकच्या पहिल्या-दुसऱ्या खाचेत बंदूक बसत असेल तर स्टॉक सरकवायच्या सोयीचा सगळा भार वाया. गोल ट्यूब आणि आखूड फिक्स स्टॉक त्यांना खरंच बरा पडतो. त्यात ग्रॅम वाचतात ते वाचतात, पण मुख्य म्हणजे कुरकुर आणि हलणं थांबतं.

सह्यकडा

रानजाईताई, हा ३० पटीचा हिशोब कुठेच वाचला नव्हता. मनापासून आभार. बोटावर तोलून बघितली. मॅगवेलच्या कडेच्या बरीच पुढे तोलते.

विहीरमोट

टेक्सासातून. इथल्या क्लबात रेंज ऑफिसर म्हणून उभा असतो, त्यामुळे लोकांच्या बंदुका बिघडताना जवळून बघतो.

मंडळी, नळीआधी कायद्याचं एक सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण एच-१बीवर आहेत. फेडरल कायद्याप्रमाणे अशा व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूकच काय, काडतूसही बाळगू नये. अपवाद आहेत. नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. मित्र म्हणाला, 'अरे ये, माझीच मार एक मॅगझिन,' तरी आधी आपली कागदपत्रं काय सांगतात ते वकिलाला विचारा. इथे एक चूक झाली तर ती फक्त दंडावर भागत नाही, व्हिसाही जातो.

तसंच, वजन उतरवायच्या नादात स्टॉक लावलेल्या बंदुकीची बॅरल १६ इंचाच्या आत नेऊ नका. ती कायद्याने वेगळी वस्तू होते आणि तिची एटीएफकडे (बंदुकांवर देखरेख ठेवणारं केंद्रीय खातं) आधी मंजुरी लागते. रानजाई म्हणाल्या त्या बॅरलमध्ये पुढची नळी *कायमची* जोडलेली असते, फिरवून काढता येणारी नव्हे. घेताना हे विचारून घ्या.

आता नळीबद्दल. मॅचला सगळ्यात जास्त दिसणारी मोडतोड म्हणजे तुटलेला बोल्ट कॅच (शेवटच्या गोळीनंतर बोल्टला मागे अडकवून ठेवणारा खटका). ९ एमएमचा बोल्ट आखूड आणि काडतूसही आखूड. पण कार्बाइन ट्यूब ५.५६ च्या हिशोबाने खोल. त्यामुळे बोल्ट गरज नसताना खूप मागे जातो, येताना वेग घेतो, आणि रिकाम्या मॅगझिनवर कॅच वर आला की त्याच्यावर सगळ्या जोराने आपटतो. कॅच तुटतो नाहीतर लोअरमधलं भोक लांबट होतं. उपाय सोपा आहे. नळीच्या तळाशी पाऊण इंचाचा स्पेसर (जागा भरणारा तुकडा) टाका, किंवा तेवढा जास्त लांब असलेला ९ एमएमचा बफर घाला. दोन्ही एकदम नको.

एका मुलाला एका दुकानाने 'धक्का कमी लागेल' म्हणून रायफल लांबीची नळी विकली आणि आत बफर दिला कार्बाइनचा. बोल्ट नको तितका मागे जाऊन लोअरवर आपटत होता. बंदूक हातात घेऊन मागे-पुढे करताच खडखड ऐकू आली म्हणून थांबवला, नाहीतर स्टेजवर काय झालं असतं सांगता येत नाही. नळी, बफर आणि स्प्रिंग या तिघांची जोडी जुळलेली असली पाहिजे. एकटी नळी बदलायची गोष्टच नाही ही.

कवडसा

काका, आणि तांबडीमाती, आता चित्र स्पष्ट झालं. हा खेळ इथे पुण्यात खेळता येईल का?

विहीरमोट

नाही बाळा. ९ एमएम भारतात प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. आणि तो अडथळा बाजूला ठेवला तरी अशी अर्धस्वयंचलित कार्बाइन नागरिकाला मिळणार नाही.

पण नेमबाजी शिकायची तर पुण्यात बसून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बालेवाडीला रेंज आहे, १० मीटर एअर रायफलने सुरुवात करता येते. आपल्या कोल्हापूरच्या मातीतून तेजस्विनी सावंत २०१० साली विश्वविजेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. आणि या धाग्याला जोडून सांगतो, त्या खेळात वजनाचं गणित बरोबर उलटं आहे. एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा आहे आणि नेमबाज त्या मर्यादेच्या जवळ जायला बघतात, वजनाचे तुकडे जागा बदलून बदलून लावतात. तिथे बंदूक स्थिर राहायला हवी, इथे ती फिरायला हवी.

तांबडीमाती

लांबीबद्दल लिहितो म्हटलं होतं.

तीन लांब्या आहेत. कार्बाइन ट्यूब आतून ७ इंच खोल, ए५ पाऊण इंच जास्त, रायफल ट्यूब साडेनऊच्या वर. कार्बाइन बफर सव्वातीन इंच, ए५ चा चार, रायफलचा सहाच्या जरा आत. या सगळ्यांत ५.५६ चा बोल्ट सारखाच प्रवास करतो, फक्त स्प्रिंगला जास्त जागा मिळते म्हणून रायफल सिस्टीम मऊ लागते. ९ एमएम ब्लोबॅकला या मऊपणाचा उपयोग फारसा नाही, कारण आपण बोल्टचा प्रवास मुद्दाम छोटा करतो. लांब नळी घ्यायची आणि तिच्यात लांब स्पेसर भरायचा, म्हणजे वजन विकत घेऊन वर ते भरायलाही पैसे. पीसीसीला कार्बाइन लांबी पुरे. हलकी नळी हवी तर ही सगळ्यात स्वस्तातली.

आता स्पेसरची एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेत लोक नळीच्या तळाशी क्वार्टरची नाणी टाकतात. नाण्याचा व्यास २४.२६ मिलिमीटर, नळीत चपखल बसतात. जाडी १.७५ मिलिमीटर. पाऊण इंच भरायला ११ नाणी लागतात, आणि एक नाणं ५.६७ ग्रॅमचं. म्हणजे ६२ ग्रॅम! दीडशे डॉलर मोजून नळीत ३५ ग्रॅम वाचवायचे आणि आत पावणेतीन डॉलरची चिल्लर टाकून ६२ वाढवायचे. साध्या प्लॅस्टिकचा किंवा डेलरिन या टणक प्लॅस्टिकचा स्पेसर घ्या, काही डॉलरांत मिळतो आणि वजन अगदी किरकोळ असतं. हलक्या नळीइतकीच बचत तिथेच झाली.

सामग्रीबद्दल. मिल-स्पेक (लष्करी मापाची) नळी बहुधा ७०७५-टी६ ॲल्युमिनियमची, बाहेरचा व्यास १.१४८ इंच. कमर्शियल (बाजारी मापाची) बहुधा ६०६१ ची, व्यास १.१६८. मिल-स्पेकचा स्टॉक कमर्शियलवर चढत नाही, उलटा चढवला तर डुगडुगतो. ७०७५ जास्त ताकदीचं असल्यामुळे तीच पातळ करून हलकी करणं योग्य. ६०६१ ची खरवडून पातळ केलेली मिळाली तर मी घेणार नाही. पडल्यावर नळी किंचित जरी वाकली तरी बफर आत घासतो, आणि पीसीसी हातात घेऊन धावताना माणसं पडतात.

कार्बन फायबरच्या नळीत बघायची जागा एकच, जोड. आटे ॲल्युमिनियमचेच असतात आणि कार्बनची नळी त्यांना चिकटवलेली असते. नामांकित बनावटीत जोड भक्कम असतो, ध्रुवतारांचा अनुभवही तेच सांगतो. पण कॅसल नट (नळी लोअरला आवळून धरणारा खाचांचा नट) ४० फूट-पाउंडाला आवळताना नळी स्टॉकच्या बाजूने धरून पिळू नका. आणि आत हात घालून बघा, तळाला धातूची चकती आहे ना? बोल्ट ५ मीटर प्रति सेकंदाने तिथे ठोके देणार आहे.

ध्रुवतारा

क्वार्टरचा हिशोब वाचून माझ्या नळीत काय आहे ते उघडून पाहिलं. डेलरिनच निघाला. तळाला ॲल्युमिनियमची टोपी आहे.

एक विचारतो. मग सायलेंट कॅप्चर्ड स्प्रिंगचं काय? जेपी कंपनीचं ९ एमएमसाठीचं युनिट बरेच जण वापरतात.

तांबडीमाती

चांगली वस्तू आहे. स्प्रिंग दांड्यावर बंदिस्त असते, नळीच्या भिंतीला घासत नाही, तो कर्रर्र आवाज कानाशी येत नाही. नळी आतून खडबडीत असली तरी फरक पडत नाही, म्हणून साध्या नळीबरोबर ती जास्त शोभते. वजन कमी करायला मात्र ती नाही. ९ एमएमसाठी तिच्यात मुद्दाम जड वजनं घातलेली असतात, आणि ती तशीच हवीत.

ज्यांना खरंच हलणारं वजन कमी हवंय त्यांनी नळी नव्हे, यंत्रणा बदलावी. सीएमएमजी कंपनीची रेडियल डिलेड ब्लोबॅक बघा, बोल्ट थोडा फिरून मगच मागे निघतो, त्यामुळे हलका बोल्ट चालतो. सिग एमपीएक्स गॅसवर चालते, बोल्टला कुलूप आहे, मागे बफर ट्यूबची गरजच नाही. रुगरच्या पीसी कार्बाइनमध्येही मागे नळी नाही, वजन बोल्टमध्येच बसवलेलं आहे. सरळ ब्लोबॅकमध्ये अर्धा किलोच्या वर धातू मागे जातो आणि पुढे येऊन थडकतो. तो पुढे थडकताना डॉट खाली डुबकी मारतो, ते या रचनेचं अंगभूत आहे. थोडा इलाज दारूगोळ्यात आहे. पीसीसीला सगळे मायनर (कमी ताकदीच्या) गटातच, पॉवर फॅक्टर (गोळीचे ग्रेन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले हजार) १२५ पुरतो. १४७ ग्रेनची गोळी ९०० फूट वेगाने गेली तरी १३२ होतो. दुकानातल्या साध्या १२४ ग्रेनच्या गोळ्या लांब बॅरलमधून १४० ओलांडतात, म्हणजे विनाकारण जास्त ठोका.

रानजाई

दारूगोळ्यावरून आठवलं. एक १२४ ग्रेनचं काडतूस साडेबारा ग्रॅमच्या आसपास असतं. यूएसपीएसएच्या लांब स्टेजमध्ये जास्तीत जास्त ३२ राउंड. म्हणजे पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत बंदूक ४०० ग्रॅम हलकी होत जाते. हलक्या नळीत वाचणारे ३५ ग्रॅम म्हणजे तीन काडतुसं. दहा-बारा राउंडच्या छोट्या स्टेजला चाळीसची मॅगझिन पूर्ण भरून उभे राहणारे खूप दिसतात. गरजेपुरत्या आणि वर थोड्या भरल्या तर नळीतल्या बचतीच्या आठ-नऊपट वजन फुकटात उतरतं.

सह्यकडा

सगळ्यांचं वाचून शनिवारी बंदूक खोलून बसलो. काट्यावर जे आलं ते लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

बोल्ट ४३१ ग्रॅम. बफर १५६, म्हणजे साडेपाच औंस. एकूण ५८७. तांबडीमातींनी धरलेल्या आकड्याच्या जवळ, म्हणून तिथे हात लावत नाही. तळाशी स्पेसर नव्हताच, आणि बोल्ट कॅचच्या पुढच्या बाजूला ठोक्याची चमकदार खूण दिसली. विहीरमोटकाका, तुमच्यामुळे वेळेत दिसली ती. नळी ११३. सरकता स्टॉक २४८.

हे आकडे समोर आल्यावर नळीपेक्षा स्टॉकच डोळ्यात भरला. मिशन फर्स्ट टॅक्टिकलचा मिनिमलिस्ट ५.८ औंसाचा, म्हणजे १६५ ग्रॅम. मिल-स्पेक नळीवर सरळ चढतो. ८३ ग्रॅम वाचतात, कार्बन नळीच्या दुपटीहून जास्त, आणि खर्च निम्म्याहून कमी. नळी तीच ठेवतोय, ७०७५ ची आहे हे बनवणाऱ्याच्या पानावर बघून घेतलं. डेलरिनचा स्पेसर मागवला. कार्बन नळीसाठी बाजूला काढलेले पैसे बॅरलच्या खात्यात.

दोन शंका. मागून ८३ ग्रॅम जाणार म्हणजे तोल आणखी पुढे सरकणार. बॅरल येईपर्यंत जुना स्टॉकच राहू द्यावा का? आणि स्पेसर बरोबर बसलाय हे तपासायचं कसं?

रानजाई

हो दादा, बॅरल आल्यावरच स्टॉक बदला. दोन्ही एकाच दिवशी बदलून मग सराव करा, नाहीतर मधल्या काळात हात चुकीच्या तोलाला सरावतील.

तांबडीमाती

तपासायची रीत: बंदूक रिकामी, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने बघून. स्पेसर टाका, स्प्रिंग-बफर घाला, अपर (बंदुकीचा वरचा भाग) बंद करा. चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) अगदी शेवटपर्यंत ओढून धरा आणि इजेक्शन पोर्टमधून बघा. बोल्टचा तोंडाचा भाग बोल्ट कॅचच्या मागे ५-६ मिलिमीटर गेला पाहिजे. त्याहून कमी असेल तर मळ साचल्यावर शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकणार नाही, स्पेसर जरा घासून कमी करा. सेंटिमीटरच्या वर गेला तर कॅच पुन्हा मार खाणार. मग रिकामी मॅगझिन लावून हँडल ओढा, बोल्ट दर वेळी अडकतो ना बघा. त्यानंतर रेंजवर एक-एक गोळी भरून तेच करा, आणि केस गोळा करून बघा, तळाजवळ फुगवटा नको.

स्पेसरसाठी नळी काढावी लागत नाही, पुढूनच सरकवता येतो. पण कधी काढलीच तर परत बसवताना नळीची कड बफर रिटेनर पिनच्या (बफरला जागेवर धरणाऱ्या पिनच्या) कॉलरवर यायला हवी, पिन मोकळी वर-खाली झाली पाहिजे. कॅसल नट आवळून झाल्यावर एंड प्लेटचा (नटाला लागून असलेल्या पट्टीचा) धातू नटाच्या खाचेत ठोकून बसवा. नुसत्या चिकट द्रवाच्या भरवशावर राहू नका.

विहीरमोट

आणि नटावर व प्लेटवर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेव. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. मॅचच्या सकाळी बघायला दोन सेकंद लागतात.